हॉपरखालचा आकडा

लाखनीच्या पुढं, रहांगडाल्यांच्या राइस मिलमध्ये
रिकामा हॉपर चार किलो दाखवतो.
मग सहा. मग उणे दोन.
काट्यावर बसणारी यशोधरा रामटेके म्हणते,
"मोठी मोटर सुरू झाली का नाचते हा.
मालक म्हणते, तुहाच हात हाय याच्यात."

तिनं वही ठेवलीय. वेळ, आकडा, कोणती मोटर चालू.
मीटर काढण्याआधी मी ती वही वाचली.

लोडसेलच्या दोन तारा
एकमेकींना पीळ घालून येतात.
खरं वजन म्हणजे दोघींतला फरक,
मिलिव्होल्टमधला, कणीएवढा.
ड्राइव्हचा गोंधळ दोघींना सारखाच चढतो,
एका खाटेवरच्या बहिणींना
एकच हिवताप भरावा तसा.
एकीतून दुसरी वजा केली
की उरू नये काही.

उरत होतं.

शिल्ड दोन्ही टोकांना बांधलेलं:
इकडं पॅनेलला, तिकडं हॉपरच्या लोखंडाला.
दोन ठिकाणची माती, दोन पातळ्या,
आणि मधे बिनकामाचा फिरणारा प्रवाह.
हॉपरकडचं टोक सोडलं.
मोटरच्या केबलच्या कुशीत निजलेली बारीक केबल
उठवून भिंतीनं नेली,
ओलांडायचं तिथं काटकोनात.

आकडा एक किलोवर आला. थरथरतच.

मग ड्राइव्हच्या तोंडाशी फेराइटचं काळं कडं,
तिन्ही तारा मिळून त्यातून चार वेढे.
"हे काय अडवते?"
म्हटलं, एक जाते तेव्हा दुसऱ्या परततात,
ते येणंजाणं याला दिसतही नाही.
तिघी मिळून एकाच दिशेनं निघाल्या, की अडवतं.
"म्हंजे आपल्या मिलचं फाटकच," ती म्हणाली.
"एकेकीले जाऊ देते.
मजुरी वाढवा म्हनत साऱ्याजणी निघालो होतो दिवाळीत..."
मी वेढे आवळत राहिलो.

मागच्या अंगाला, कोंड्याच्या ढिगाखाली
अर्थिंगचा खड्डा सापडला.
झाकण गंजलेलं, आत मे महिना.
कोळसा, मीठ, सहा बादल्या पाणी.
माती बराच वेळ बुडबुडत राहिली.

मोठी मोटर लावली.
शून्य.
पॉलिशर, एलिव्हेटर, सगळं लावलं.
शून्य.
यशोधरानं वही उघडून लिहिलं:
अकरा चाळीस, ०, सर्व मोटर चालू.
खाली रेघ ओढली
आणि पेन माझ्यापुढं धरला.

सही केली.
तिनं पाहिली, वही मिटली नाही.
"तारीख बी टाका."