पाठवणाऱ्याचं नाव

मंगळवारी अकरा वाजून सात मिनिटांनी मेल आला:
‘प्रिय सहकारी, तुम्ही आमच्याकडे आनंदी आहात का?
फक्त दहा मिनिटं. आज शेवटचा दिवस.’

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चौदा वर्षं
मी टॉवेलांची बिलं काढते.
चौदा वर्षांत मला विचारलं गेलंय ते
गाडी भरली का, जीएसटी भरला का,
आणि एकदा, मार्चएंडला, अजून घरी नाही गेलात?
तेही वॉचमननं.

त्यामुळे शंका आधी प्रश्नाचीच आली.

पत्ता मग बघितला.
‘प्रिय’ म्हणणाऱ्याला माझं नाव ठाऊक नव्हतं.
कंपनीच्या नावातला एम
एमच होता, की आर आणि एन
शेअर रिक्षातल्यासारखे अंग चोरून बसलेले?
चष्मा वर करून पाहिलं. झूम करून पाहिलं.
एम होता. पण नावापुढे टिंब,
टिंबापुढे भलतंच एक नाव,
दोन्हीकडच्यांना दुसरीकडचा वाटणाऱ्या
लग्नातल्या पाहुण्यासारखं.

अप्पा फोल्डिंग खात्यात चेकर होते.
टॉवेल उजेडासमोर धरायचे नाहीत,
डोळे मिटून काठावरून अंगठा फिरवायचे,
ओकटी, रेंडू, मूडू, तेलुगूत पुटपुटत,
आणि तुटलेल्या धाग्यापाशी अंगठा थांबायचा.
डोळा फसतो, म्हणायचे, अंगठा नाही.

पॅकिंगमधला अंबादास गज्जम गेल्या दिवाळीत
अंगठ्यानंच फसला.
‘बोनस जमा करण्यासाठी इथे दाबा.’
दाबलं. एकवीस हजार चारशे.
अजून कुणी मोबाईल पुढे केला की
तो हात पाठीमागे घेतो,
तापलेला तवा असल्यासारखा.

मी बाण लिंकवर नुसता नेऊन ठेवला, दाबला नाही.
खाली कोपऱ्यात लांबच लांब ओळ उमटली,
इंग्रजी अक्षरं, आकडे, टक्क्याची चिन्हं,
कोनावरून सुटलेल्या सुतासारखी.

वरच्या मजल्यावर मुजम्मिलला फोन लावला.
मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, हं.
भिंतीवर पेननं लिहिलेला आमचा जुना एकशे सात.
‘खरा आहे वो मॅडम,’ तो म्हणाला,
‘पुण्याच्या कुठल्या एजन्सीला काम दिलंय साहेबांनी.
सकाळपासून तुम्ही एकतिसाव्या.
मला पण आधी खोटाच वाटला की.
मराठी वाचलात का त्याचं?’

खरा.
मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, तुमचं नाव गुप्त राहील.
आणि त्या लांबलचक ओळीच्या शेपटाला,
आता नीट पाहिलं तर,
शून्य चार एक सात.
माझा हजेरी क्रमांक.

खरं असण्याचेही इतके प्रकार असतात
हे अप्पांच्या अंगठ्याला ठाऊक नसणार.

पंखा, पगार, संडासाची कडी, साहेबांचा स्वभाव:
सगळ्याला पाचपैकी चार दिले.
पाच दिले असते तर खोटं वाटलं असतं.
‘आणखी काही सांगायचंय?’ या चौकटीत
बराच वेळ एक रेघ लुकलुकत राहिली.
मी ‘नाही’ लिहिलं. मग ‘धन्यवाद’ जोडलं.

संध्याकाळी अप्पा ओट्यावर,
खांद्यावर दुसऱ्या दर्जाचा टॉवेल,
कान यंत्रमागांनी कधीच खाल्लेले.
शेंगाचटणी पुढं सरकवत मी मोठ्यानं विचारलं,
अप्पा, कारखान्यात तुम्ही आनंदी होता का?

दोनदा विचारलं.
त्यांनी टॉवेलाचा काठ चिमटीत धरला,
अंगठा थोडा पुढं नेला, थांबवला.
‘कोण विचारतंय?’ म्हणाले.