अनामत

नऊ कुटुंबं, दोन रात्री, सहा हजार तीनशे दिरहम.
हिशेब माझ्याकडे, नेहमीसारखाच.

उम्म अल कुवैनला मोत्यांच्या व्यापाऱ्याचं घर:
प्रवाळाच्या भिंती, वारा खाली ओढणारा मनोरा
आणि उंबऱ्याशी आलेली खाडी,
तळ्यासारखी, लाट नावालाही नाही.

करारात होतं: खिळा ठोकू नये,
मजलिसमध्ये फोडणी देऊ नये.
टिपणीस वहिनींनी शेगडी अंगणात मांडली.
ठसका रोहित पक्ष्यांपर्यंत गेला असणार;
ते एका पायावर तसेच.

मुलांनी खोल्या वाटून घेतल्या,
भांडून पुन्हा वाटल्या.

रात्री मागच्या कोठीत मी आकडे जुळवत बसलो,
मटणाचे खोतांनी दिलेले, बर्व्यांचे दोनशे बाकी.
मोबाईलचा उजेड भिंतीवर गेला
तर कोळशाच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या,
छतापर्यंत.

सकाळी दाद करीमला विचारलं. राखणदार तो.
चहा बशीत ओतत म्हणाला,
“मालक वहीत लिहायचा.
हे माझ्या आज्याचं. बुड्या मोजायचा.
दोन्ही हिशेब कधी जुळले नाहीत.”

तेवीस वर्षं मी या वाळूत भाड्यानं राहतोय.
एकाही भिंतीवर माझी रेघ नाही.

अनामत पुरती परत मिळाली.
दाद करीमनं खोल्या पाहिल्या, दिवे पाहिले,
कोठीत गेलाच नाही.

गाडीत बर्व्यांनी दोनशे दिले.
मी त्याच्या हातात ठेवलेले शंभर
अजून कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.