हा पाडे छे

सुक्राम वळवी. वय बावीस.
मकरपुऱ्याच्या कारखान्यातून पितळेचे अकरा व्हॉल्व्ह.
माझ्या गुजराती टाइपरायटरचा ळ अडकायचा,
त्याचं आडनाव मी दोनदा ठोकलं.

बाकीचा फॉर्म सायक्लोस्टाइल केलेलाच होता:
आरोपीने समजून-उमजून, राजीखुशीने,
कुणाच्या धाकाविना, लालचीविना गुन्हा कबूल केला आहे.
रिकामी जागा फक्त नावाची.
त्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं
आणि त्याची खुशी गठ्ठ्याने छापून आली होती.

साहेबांनी विचारलं, गुनो कबूल छे?
तो पंख्याकडे बघत राहिला.
नंदुरबारकडचा दिसतोय, साहेब म्हणाले,
शरयूबेन, तुमच्या मराठीत विचारा.

माझी मराठी दांडिया बाजारातली.
त्याची सातपुड्यातली, तीही घरची नव्हे,
शाळेत चौथीपर्यंत भेटलेली.
कबूल आहे का रे तुला?
तो म्हणाला, बाई,
हो म्हटलं तर होळीच्या आत पोचतो का घरी?

चार महिने आत होता. जामीन पाच हजारांचा,
भरणारं कोणी नाही.
कबूल केलं तर भोगली तीच शिक्षा, संध्याकाळी सुटका.
नाही म्हटलं तर तारीख, जूनमधली.
हे वकिलाला ठाऊक, शिपायाला ठाऊक,
बाहेरच्या चहावाल्यालासुद्धा.
व्हॉल्व्ह त्याने घेतले होते का,
हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही.
मीही.

शुं कहे छे? साहेबांनी घड्याळ पाहिलं.
आणि मी म्हटलं,
हा पाडे छे, साहेब.

आपण मराठीत होकार देतो.
इथे तो पाडतात,
कैरी पाडावी, भिंत पाडावी, तसा.
जन्म बडोद्यात गेला माझा,
ते क्रियापद त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

अंगठा नाही, त्याने सही केली,
चौथीतल्या अक्षरात, रेघ सोडून.
जाताना मलाच हात जोडले.

आता कोर्ट दिवाळीपुऱ्यात गेलंय, मी घरी.
फाल्गुनात गल्लीतली पोरं लाकडं मागायला येतात,
मी जुनं खोकं काढून देते
आणि म्हणते, पोचला असेल.
मग कुणीतरी विचारतं, समोर कुणी नसताना,
ते वाक्य तू समजून-उमजून म्हणालीस?

धाक नव्हता. लालूच नव्हती.
जेवायची सुट्टी व्हायला
सात मिनिटं होती.