देठ

मिरचीच्या गोदामावर पत्र्याची खोली,
तिथे सैंदाणे सरांचा क्लास. सात ते आठ.
खालून खकाणा वर येतो,
म्हणून आमच्या वर्गात इंग्रजीच्या आधी सगळे शिंकतात.
नंदुरबारात हे कुणी मनावर घेत नाही.

सरांनी फळ्यावर लिहिलं, पुट.
"सोपं आहे. पुट म्हणजे ठेवणे."
मी वहीत उतरवलं, खाली रेघ मारली,
वाटलं, चला, एक तरी झालं.

मग त्याच्या शेजारी इवलेसे शब्द येऊन बसायला लागले.
पुट ऑन, अंगात घालणे.
पुट आउट, विझवणे.
पुट ऑफ, पुढे ढकलणे.
धडगावचा दुरसिंग पावरा मागून म्हणाला,
"सर, मग ठेवणे गेलं कुठं?"
सरांनी डस्टर झटकलं.
"पाठ करा."

भाकरी थापताना पाठ केलं.
चूल पुट आउट. स्वेटर पुट ऑन.
दाढ काढायचीय, ती दिवाळीपासून पुट ऑफ.
निंबाबाई दारातून डोकावली,
"काय शिकी ऱ्हायनी वं, कोकिळा?"
"ठेवायला," मी म्हटलं.
तिला वाटलं, पैसे.

अकरा वर्षं मी खालच्या गोदामात देठ खुडले.
देठासकट मिरचीचा भाव एक, बिनदेठाचीचा दुसरा.
बोटांना अशी आग,
की डोळे पुसायचे तर मनगटानं.
मागच्या महिन्यात शेठचा पोरगा म्हणाला,
बाई, तुमचा आवाज मोकळा आहे,
वर येऊन फोन घेत जा, बाहेरदेशचे विचारतात.
म्हणून हा क्लास.
सरांना मी सांगितलं, हे ऑन, ऑफ, आउट म्हणजे देठ हो,
लावला तसा भाव बदलतो.
सर पहिल्यांदा हसले,
आणि लगेच शिंकले.

पुट डाउनच्या दिवशी ते अर्थ शोधत होते.
कमी लेखणे, पाणउतारा करणे.
मी हात वर केला. "नावं ठेवणे, सर."
आपल्याकडेही ठेवणेच आहे की.
बारशाला नाव ठेवतात,
वर एक टिंब दिलं की नावं ठेवतात.
माझं नाव आत्यानं ठेवलं.
नावं अख्ख्या गल्लीनं ठेवली,
मी हारबीर न घालता भास्करच्या खोलीवर राहायला गेले तेव्हा.
त्या वर्षी आणखी एक शब्द ऐकला होता,
ठेवलेली.
क्रियापद तेच.
त्याचं इंग्रजी मी विचारलं नाही.

पुट अप विथ, याला दोन देठ.
सरांनी सांगितलं, सहन करणे.
माझ्या वहीत आहे, चालवून घेणे.
सहन करताना माणूस बसून असतो,
चालवून घेताना भांडी घासतो, कामाला जातो,
शेजारणीला साखर देतो.
परीक्षेत कोणतं लिहायचं ते बघू.

पुट अवे म्हणजे जागच्या जागी ठेवून देणे.
भास्कर जाऊन चार वर्षं झाली,
त्याचं स्वेटर अजून खुंटीवर आहे.
थंडीत मीच घालते.
हा शब्द पाठ आहे. वापरला नाही.

काल दुपारी फोन आला.
माणूस भरभर बोलत होता, नदीला पूर यावा तसा,
त्यात एकदम पुट ऐकू आलं,
मग मध्ये भलतंच काहीतरी,
आणि पार टोकाला, ऑफ.
देठ एवढा लांब जाऊन पडतो
हे सरांनी सांगितलंच नव्हतं.
पण मी ओळखला.
माल पुढे ढकलायचाय.
"ओके सर. अंटिल व्हेन?"
तो क्षणभर थांबला, थर्सडे म्हणाला,
मी पाटीवर गुरुवार लिहिला, नुसता गुरुवार, मराठीत.

मग फोन ठेवला.
पुट डाउन. यात नावंबिवं काही नव्हती,
नुसतं ठेवणं, फळ्यावरच्या पहिल्या दिवसासारखं.
इतका वेळ नाकात धरून ठेवलेली शिंक
तेव्हा कुठे दिली.