पडण्याची परीक्षा

तिबिलिसीत, जमिनीखाली अठ्ठावन्न पायऱ्या उतरून
रिलेच्या खोलीत झुझुना बसते.
समोर लोखंडी मांडण्या, काचेआड हजारभर रिले,
प्रत्येकाच्या मानेला शिशाचं सील
आणि बारीक रशियन अक्षरांत कुणाची तरी जुनी सही.
मी नवीन. माझ्या हातात ब्रश, तिच्या हातात चहा.

पहिल्याच दिवशी एक रिले उघडून
तिने माझ्या तळहातावर ठेवला.
"जड आहे ना? जडच हवा.
वीज आहे तोवर याची पट्टी वर उचललेली.
वीज गेली, तार तुटली, उंदराने कुरतडली,
कुणी झोपलं, कुणी मेलं,
की ती आपल्या वजनाने खाली येते
आणि वर कुठेतरी लाल लागतो.
स्प्रिंग नाही यात. स्प्रिंग थकते.
पृथ्वी अजून तरी थकलेली नाही."

मग दोन टोकं दाखवली, एक चांदीचं, एक कोळशाचं.
कितीही ठिणगी उडो, वितळून एकमेकांना चिकटायचे नाहीत.
"माझ्या लग्नात हे कुणी सांगितलं नाही," म्हणाली,
आणि साखरेचा खडा दाताखाली फोडला.

नव्वदनंतरच्या त्या हिवाळ्यांत
शहरात वीज पाहुण्यासारखी यायची.
जायची तेव्हा या खोलीत सगळे रिले एकदम पडायचे,
तुतीखाली चादर धरून फांदी हलवावी तसे,
टपटपटपटप,
आणि मग शेवटचा एक, उशिरा.
बोगद्यातले सिग्नल विझायचे.
विझलेला सिग्नल लालच समजायचा, हा नियम.
मोटरमन तो नियम पाळत बसून राहायचे,
वर रस्त्यावर त्या वर्षी कुणीच काही पाळत नव्हतं.

काल संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनी
तेरा नंबरचा रूळ म्हणू लागला, माझ्यावर गाडी आहे.
गाडी नव्हती.
मागे रेवाझची गाडी उभी राहिली,
आत चारशे माणसं आणि कुणाच्या तरी बारशाचा केक.
फोन वाजला. कंट्रोलवरून अवतांदिल:
"झुझुना, तुझी इडापिडा मला लागो,"
(इथे लाडाने असंच म्हणतात)
"एक तार टाक. दोन टोकं जोड आणि रूळ मोकळा दाखव.
मोकळाच आहे गं तो!"

तार ड्रॉवरमध्ये होती. वीतभर, दोन्हीकडे चिमटे.
मला दिसत होती. तिलाही.
तिने फोन टेबलावर पालथा घातला.
त्यातून अवतांदिलचा आवाज माशीसारखा येत राहिला.
"रूळ खोटं बोलत असेल," ती म्हणाली,
"पण घाबरट खोटं आहे ते.
या तारेचं खोटं शूर असतं."

तिसऱ्या रुळाची वीज कापून, टॉर्च घेऊन
आम्ही बोगद्यात शिरलो. तिचा गुडघा कुरकुरत होता.
दूरवर रेवाझचे दिवे, आणि डब्यातून येणारा
लहान मुलाचा एकसुरी हट्ट.
सांध्यावर, दोन रुळांना एकमेकांपासून तोडणाऱ्या
त्या बोटभर फटीवर,
चॉकलेटचा चांदीचा कागद चिकटलेला होता.
त्यावर निळं अस्वल.

एकोणीस मिनिटं.
सकाळी मेमो आला: विलंबास जबाबदार कोण?
तिने स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट, सुवाच्य,
आणि अस्वल नखाने सपाट करून
टेबलाच्या काचेखाली सरकवलं.
मग मला परीक्षेला बसवलं.
रिलेची वीज हळूहळू कमी करायची,
पट्टी नेमकी कुठे हात सोडते ते लिहायचं.
"बघू नकोस. ऐक."
मी तीनदा चुकलो.

दुपारी चिमटा हवा होता म्हणून ड्रॉवर उघडला.
तार नव्हती.
"घरी नेली," वर न बघता ती म्हणाली,
"गॅलरीत चर्चखेला वाळत घातलेत,
अक्रोडाच्या माळा, द्राक्षाच्या रसात बुडवलेल्या.
टांगायला काहीतरी लागतं ना."