नारिंगी

बत्तीस टन लाकूड पाठीवर घेऊन
उतारावर थांबणं सोपं नसतं.
तरी थांबतो. इंजिन बंद करतो.
दिव्यांच्या झोतात लेम्पीबाई,
प्लायवूडच्या गिरणीतून सुटून नऊ वर्षं झालेली,
गुडघ्यांवर बसून रस्ता निवडतेय,
तांदळातले खडे निवडावेत तसा.

बादलीत अकरा. बारावा डांबरावर.
पाल म्हणावी तर खवले नाहीत,
बेडूक म्हणावा तर मागे शेपूट.
ओल्या सालीचा रंग, अंग खरखरीत,
नेचे आणि शेवाळ मागे टाकून
बीव्हरने अडवलेल्या तळ्याकडे निघालेला,
जिथे अंड्यातून सुटला त्याच पाण्याकडे.
चाल अशी, की कुणी वाटेत येणारच नाही.

मी बूट जवळ नेला.
तो उलटा वाकला. हनुवटी वर, शेपूट वर,
डोळे मिटून आत घेतलेले,
आणि खालचा नारिंगी उघडा.
डंख नाही, फूत्कार नाही.
एवढंच दाखवायचं,
मग समोरच्याच्या अकलेवर सोडायचं.

इथला एक पट्ट्यांचा साप
हे पाहूनही खातो.
तोंडात धरतो, जोखतो,
झेपणार नसेल तर सोडून देतो.
गिळलाच, तर पुढे बराच वेळ
ओल्या दोरासारखा पडून राहतो.

वेन्डलला जोखता आलं नाही.
तो एकोणीसचा. शेकोटी, बिअर, पाच डॉलर.
मी चौदाचा, आणि टाळ्या
सगळ्यांत आधी मी वाजवल्या.
ओठ बधिर झाले, म्हणाला,
तेही हसत म्हणाला.
रस्ता हाच. तेव्हा कच्चा होता.
दवाखाना चाळीस मैल.

पुढच्या पावसात मी फावडं घेऊन हिंडलो,
रात्रीमागून रात्री, या वळणापासून त्या पुलापर्यंत.
किती ठेचले, मोजले नाहीत.
ते पळालेही नाहीत.
प्रत्येकाने आधी पोट दाखवलं.

लेम्पीबाईला हे कधी सांगितलं नाही.
तिला माहीत असावं; गाव लहान आहे.
ती फक्त जादा हातमोजे पुढे करते,
"खालून आधार दे, ड्वेन. शेपटीला धरू नकोस."

हातमोज्यातून वजन कळतच नाही.
काठावर ठेवला, तर क्षणभर तिथेच,
मग पाण्यात शिरला
आणि एकदम चपळ झाला,
जणू चालणं हे कुणी घातलेलं जोखड होतं.
खाली कुठेतरी मादी
गवताच्या एकेका पात्याला
एकेक अंडं चिकटवत असेल.
एका वेळी एकच.

थर्मासमधल्या पाण्याने हात धुतले.
मोजे घातले होते, तरी धुतले.
मग पुन्हा एकदा.
केबिनमध्ये ब्रेड होता, चीज होतं.
भूकही होती.
समोर बाई बादली घेऊन परत येत होती
आणि रस्त्यावर, अजून
चार-पाच तरी हलत होते.