होकायंत्राची वायर

मे महिना. गोंदूरच्या हँगरचा पत्रा
रात्री नऊलाही हात लावू देत नाही.
चार सीटांच्या विमानाचं पॅनेल उतरवून
मांडीवर घेतलंय,
मागे वायरींचा गुंता,
पस्तीस वर्षांत कोणी कोणी
'तात्पुरतं' म्हणून जोडून ठेवलेला.

आधी इथे बल्ब होते.
बल्ब समजूतदार. नॉब फिरवा :
पिवळा, तांबूस, निखारा, राख.
एलईडीला हे मधलं काही ठाऊक नाही.
खालपर्यंत हट्टानं पांढरा,
मग एकदम मेलेला.
त्याला मंद करायचं तर लबाडी करावी लागते :
सेकंदाला काहीशे वेळा चालू बंद चालू बंद,
इतक्या घाईनं, की डोळ्याला वाटावं
हा नुसता शांत बसलाय.

कान मात्र फसत नाहीत.
पहिल्याच रात्री हेडफोनात गुणगुण,
रेडिओत गांधीलमाशी शिरल्यासारखी.
जाळीच्या वेष्टणाची वायर ओढली,
सगळ्या अर्थिंगा एका बोल्टवर आणल्या,
एक बोट भाजलं,
तेव्हा कुठे ती गेली.

आज होकायंत्र.
त्याचा दिवा केवढा, तर तांदळाएवढा.
लावला,
आणि उत्तर दिशा दोन अंश सरकली.

अमळनेरला मोटारी भरायला शिकलो
ते निंबा मिस्तरींकडे. ते म्हणायचे,
जाणारी आणि येणारी
लांब लांब ठेवली
की दोघी शेजारीपाजारी कागाळ्या करतात.
मी दोन्ही वायरींना पीळ दिला,
केळीच्या सोपटाला देतात तसा,
इंचाला तीन वेढे.
उत्तर जागेवर आली.
कोणाला हाक मारून सांगावं
असं तिथे कोणी नव्हतं. पंखा होता.

दुसऱ्या दिवशी हेमांगी गिरासेची
पहिली एकटीची रात्र.
बसली, पट्टा आवळला, नॉब खाली आणला.
अजून खाली.
मी म्हटलं, थोडा राहू दे गं, आकडे तर दिसू देत.
"इतला उजेड कसाले, काका?
आत जास्त झाला
की काचेत मीच दिसते."

इतके दिवस मी दिवे लावत होतो.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

उतरली तेव्हा पाठ घामानं भिजलेली.
हायवेचे ट्रक म्हणे मुंग्यांच्या रांगेसारखे,
लळिंगचा डोंगर नुसता काळा,
आणि पांझरेच्या अलीकडे
एकच बॅटरी, वाफ्यावाफ्यानं सरकत.
कोणीतरी दारं धरत होतं.

असेल.
माझा मेहुणाही असेल.
या आठवड्यात त्यांची थ्री फेज
रात्रीची आहे.